होन मारला म्हणजे इंजिन झाले काय?
(ऊस विकास अधिकाऱ्यांकडून)



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागण, खते आणि खोडवा यांवर लिहावे, इंजिनाच्या बोअरमध्ये त्याचे काय काम, असे काहींच्या मनात येईल. येऊ द्या. तोडणीचा कार्यक्रम आमचे खाते लागणीच्या तारखा आणि पक्वता पाहून आखते. तो पावसाने कोलमडला तर आपण सगळेच समजून घेतो. परंतु ऐन हंगामात तो पुष्कळदा कोलमडतो तो वाहनांमुळे. टोळी फडात उभी, ऊस तोडून मोळ्या बांधलेल्या, आणि ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला निळा धूर सोडून बसलेला. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. उन्हात पडून राहिलेल्या उसाचे वजन घटते, साखर उलटते आणि उताऱ्यावर परिणाम होतो. हे नुकसान ट्रॅक्टरमालकाचे एकट्याचे नसते. ज्याचा ऊस पडून राहिला त्याचे, पुढच्या पाळीतल्या सभासदाचे आणि शेवटी कारखान्याचेही असते. तेव्हा इंजिन हा विषय शेतकी खात्याच्या कक्षेबाहेरचा आहे, असे मला तरी वाटत नाही.

हंगाम संपला की आपल्या कार्यक्षेत्रात घरोघरी इंजिने उघडली जातात. गोठ्याच्या पडवीत नाहीतर चिंचेखाली हेड उतरवलेले, पिस्टन पोत्यावर मांडलेले, आणि घरातला आय.टी.आय. झालेला मुलगा ड्रिलला होन लावून उभा, हे दृश्य गटात फिरताना नेहमीचे आहे. या घरकामाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. गॅरेजवाल्यांकडे पावसाळ्यानंतर रांगा लागतात. दसरा जवळ आला की कोणाला हात लावायला सवड नसते, आणि घाईत झालेल्या कामाचे पैसे मात्र पूर्ण मोजावे लागतात. शिवाय आपल्या भागातल्या माणसाला इंजिन काही नवे नाही. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना झाली. विजेचे खांब शिवारात पोहोचण्यापूर्वी नदीकाठाला आणि विहिरीवर ऑईल इंजिनांचाच आवाज असायचा. त्या काळी रिंगा बदलणारा एखादा जाणकार जवळपास मिळायचाच, आणि बदललेल्या रिंगा चालायच्याही.

पण इथेच एक गोष्ट विसरली जाते. जुन्या लिस्टर धर्तीच्या, मोठ्या चाकाच्या इंजिनाला मिनिटाला ६५० फेरे असायचे. इंजिन संथ, लोखंड जाड, भार ठरलेला. थोडी चूक झाली तरी ते पोटात घालून चालत राही. आजचे ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फिरते, उसाने भरलेल्या दोन ट्रेलर चढावर ओढते आणि दिवसरात्र पाळ्यांत चालते. जुन्या इंजिनाच्या हिशेबाने त्याचे काम केले तर ते माफ करीत नाही.

माझी खरी तक्रार ‘होन मारणे’ या शब्दाभोवती जी समजूत तयार झाली आहे तिच्याविषयी आहे. होन फिरवला, बोअर उजळला, नव्या रिंगा घातल्या, झाले इंजिन! एका सभासदाने मला मोठ्या अभिमानाने ब्लॉक दाखवला. म्हणाले, “साहेब, आत बघा, तोंड दिसतंय.” बोअरमध्ये तोंड दिसणे हेच तर दुखणे आहे, हे त्यांना पटवायला मला चहाचे दोन कप लागले.

बोअर का खरडायचा, ते आधी समजून घेऊ. हजारो तास रिंगा घासून बोअरची भिंत काचेसारखी गुळगुळीत होते आणि तिच्यावर जळक्या ऑईलचा पातळ थर चढतो. अशा भिंतीवर ऑईल टिकत नाही, आणि नवी रिंग घातली तर तिला घासून बसायला काही मिळत नाही. होनच्या दगडाने भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडायच्या त्या यासाठी. रेघांचे वरचे टोकदार कंगोरे सुरुवातीच्या तासांत रिंगेशी घासून झिजतात, त्यातच रिंग बोअरला बसते. खालच्या खाचा शिल्लक राहून ऑईल धरून ठेवतात. आपल्या भाषेत सांगायचे तर ती सरीच आहे. सपाट, तापलेल्या रानावरून पाणी वाहून जाते आणि सरीत मुरते. सरीला उतार जास्त दिला तर पाणी थांबत नाही, अगदी आडवी काढली तर तुंबते. इथेही रेघा फार उभ्या पडल्या तर ऑईल खाली उतरून जाते, फार आडव्या पडल्या तर रिंग त्यांवरून ठेचकाळत जाते. साधारण ४५ अंशांच्या कोनात रेघा एकमेकींना छेदाव्यात असे धरतात. इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये वेगळा कोन दिला असेल तर तोच पाळावा.

हा कोन नशिबाने पडत नाही. त्याला हिशेब आहे, आणि तो पाटीवर करता येतो. ९० मिलिमीटरच्या बोअरचा परीघ सुमारे २८३ मिलिमीटर. ड्रिल मिनिटाला १२० फेरे घेत असेल तर दगड सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सुमारे ५६५ मिलिमीटर गोल फिरतो. ४५ अंशांचा छेद मिळवायचा तर त्याच सेकंदात हात २३ सेंटिमीटर वर किंवा खाली गेला पाहिजे. एवढे माणसाला जमते. फेरे तिपटीहून थोडे जास्त, म्हणजे ४०० केले की हात सेकंदाला ७८ सेंटिमीटर हलायला हवा. आखूड बोअरमध्ये हे होणार कसे? आणि घरातले साधे ड्रिल बटण पुरते दाबले की तीन हजारांच्या आसपास पळते. त्यावर होन लावून हात सावकाश खालीवर केला की बोअरमध्ये आट्यांसारख्या आडव्या रेघा पडतात. वरून बघणाऱ्याला त्या छानच दिसतात. तेव्हा ड्रिल फेरे कमी करता येणारेच घ्यावे, होनवर लिहिलेल्या मर्यादेतले कमीत कमी फेरे ठेवावेत आणि हात न थांबवता चालवावा. एका जागी हात थांबला की तिथे खड्डा. दगड फिरत असताना होन कधीही बाहेर ओढू नये, आणि दगड तेलाने सतत ओले ठेवावेत. साध्या बिडाच्या बोअरला आणि साध्या रिंगांना २२० नंबरच्या आसपासचा दगड चालतो. रिंगांच्या डब्यावर काही वेगळे सुचवलेले असेल तर ते वाचावे. पॉलिश पेपर बोटांना गुंडाळून उभ्या रेघा मारणारेही काही बहाद्दर आहेत. त्या उभ्या रेघा म्हणजे ऑईलला वर जायला आणि कॉम्प्रेशनला खाली यायला काढून दिलेले पाटच.

इथपर्यंत ज्यांचे काम नीट होते तेही पुढे फसतात, कारण होन काय करू शकत नाही हे कोणी सांगत नाही.

बोअर वरपासून खालपर्यंत सारखा झिजत नाही. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचतो तिथे दाब सर्वांत जास्त, उष्णता सर्वांत जास्त आणि ऑईल सर्वांत कमी. शिवाय तिथे रिंग क्षणभर थांबून उलट फिरते, त्यामुळे ऑईलचा पडदा तुटतो. म्हणून वरच्या रिंगेच्या वळणापाशी झीज सर्वांत अधिक होते आणि खाली ती कमी होत जाते. बोअर वर रुंद, खाली अरुंद असा निमुळता होतो. कनेक्टिंग रॉड तिरका असताना पिस्टनला बाजूला रेटतो, त्यामुळे क्रॅंकच्या आडव्या दिशेला भिंत जास्त झिजते आणि बोअर अंडाकृती होतो. रिंग जिथे पोहोचतच नाही तो अगदी वरचा भाग मूळ मापाचा राहतो, म्हणून तिथे कड पडते. नखाला ती लागते. ही कड तशीच ठेवून नवी रिंग घातली तर तिची कोरी धार कडेवर आपटते आणि एखाद्या दिवशी रिंग तरी तुटते नाहीतर पिस्टनची खाचेची कड तरी उडते.

आता स्प्रिंगवर चालणारा तीन दगडांचा होन किंवा गोळ्यांचा ब्रश होन हा भिंत जशी असेल तशी तिच्यावरून जातो. उंचसखल रानात नुसता कुळव मारला म्हणून रान सपाट होत नाही. वरची माती भुसभुशीत होते, उंचवटा उंचवटाच राहतो. सपाटीसाठी केनी धरावी लागते. बोअरची केनी म्हणजे मशीनशॉपमधले बोअरिंग मशीन आणि त्यानंतरचा ताठ होन. घरचा होन निमुळता बोअर सरळ करीत नाही आणि अंडाकृती बोअर गोल करीत नाही. उलट जास्त वेळ फिरवला तर बोअर आणखी मोठा होतो, पिस्टनला जागा वाढते आणि इंजिन सुरू होताच पिस्टन थापा मारू लागतो. होन हा चकाकी मोडण्यापुरता आहे. झीज भरून काढण्याचे औषध नव्हे.

मग झीज किती आहे हे कळणार कसे? मापून. आणि हे ‘मापून’च आपल्याकडे होत नाही. बोअर गेज घरी नसतो हे मान्य. पण पानापानांचा फिलर गेज कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, आणि त्यावर बरेच काही कळते. कॉम्प्रेशनची एक रिंग घ्या, पिस्टनवर न चढवता नुसती बोअरमध्ये घाला. पिस्टन उलटा करून त्याच्या माथ्याने ती खाली ढकला, म्हणजे ती तिरकी न बसता सरळ बसते. आधी अगदी खाली, जिथे झीज जवळजवळ नसते तिथे रिंगेच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. मग तीच रिंग वर, कडेच्या जरा खाली, आणून पुन्हा मोजा. दोन फटींतल्या फरकाला ३.१४ ने भागा. खाली फट ०.४५ मिलिमीटर आली आणि वर ०.९० आली, तर फरक ०.४५. भागिले ३.१४, म्हणजे बोअर वर सुमारे ०.१४ मिलिमीटर रुंद झाला आहे. मिस्त्रींच्या भाषेत साडेपाच थाऊ. ही झीज आपल्या इंजिनाला चालते की नाही, ते मॅन्युअलमधल्या मर्यादेवर ठरवायचे, कोणाच्या अंदाजावर नाही. या पद्धतीने बोअर अंडाकृती झाला आहे का ते कळत नाही, त्याला बोअर गेजच हवा. तरी ‘होन मारून भागेल की ब्लॉक उचलावा लागेल’ याचा पहिला कौल घरबसल्या मिळतो.

याच मापाचा दुसरा उपयोग नव्या रिंगांसाठी होतो. रिंग तापली की वाढते. फट फार कमी असेल तर टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग बोअर ओरबाडते. ढोबळ नियम असा की दर १०० मिलिमीटर बोअरला ०.३० ते ०.४० मिलिमीटर फट असावी. डब्यातून काढलेली रिंग न मोजता घालणारा माणूस माती परीक्षण न करता युरियाची पोती ओतणाऱ्याच्याच जातकुळीतला समजावा. (आमच्या खात्याची ही जुनी तक्रार इथे घुसडल्याबद्दल कोणी रागावू नये.)

आपल्या इंजिनात लायनर कोणत्या जातीचा आहे हेही आधी पाहावे. वेट लायनर असेल, म्हणजे ज्याच्या बाहेरून थेट पाणी खेळते तो, तर तो ओढून काढता येतो. झीज मर्यादेबाहेर गेली असेल तर नवा लायनर आणि पिस्टनचा संच घालणे हेच शहाणपणाचे. नवा तयार लायनर कारखान्यातूनच होन होऊन येतो. त्याला पुन्हा होन मारू नये. मी असे नवे लायनर ‘अजून जरा खरबरीत करून’ घेतलेले पाहिले आहेत, याला काय म्हणावे! ड्राय लायनर असेल तर तो दाबून बसवावा लागतो आणि पुष्कळदा बसवल्यावर बोअर करून होन करावा लागतो. ते काम मशीनशॉपचेच. लायनर नसलेल्या ब्लॉकला झिजेप्रमाणे दहा थाऊ किंवा वीस थाऊ रीबोअर करून ओव्हरसाईज पिस्टन घालतात. काही जण म्हणतात, लेथवाले गरज नसताना बोअर वाढवून देतात. असेलही. पण आपल्याजवळ माप लिहिलेला कागद असेल तर त्यांनाही तोंड सांभाळून बोलावे लागते. माप नसलेल्या माणसाला कोणीही काहीही सांगू शकतो.

आता जे सर्वांत जास्त बिघडते त्याकडे वळतो. ते म्हणजे धुणे.

होनचा दगड झिजतो तेव्हा त्याची वाळूसारखी बारीक कणी आणि बिडाचा भुगा रेघांच्या खाचांत जाऊन बसतो. आपल्याकडे ब्लॉक डिझेलने किंवा रॉकेलने धुण्याची रीत आहे. त्याने चिकट ऑईल निघते, पण कणी खाचेतून निघत नाही, ती पसरते आणि आणखी आत बसते. पुढे नव्या रिंगा त्या कणीवर घासतात, म्हणजे आपण इंजिनात पॉलिश पेपर घालून ते चालू केले असे समजा. होन केलेला बोअर गरम पाण्याने, कपडे धुण्याच्या पावडरीने आणि ताठ नायलॉनच्या ब्रशने घासून धुवायचा. एकदा नाही, दोनदा, तीनदा. ऑईलची सगळी भोकेही पाणी आणि हवा मारून साफ करायची. ब्लॉक वाळला की लगेच ऑईल लावायचे, कारण कोऱ्या बिडावर काही मिनिटांतच तांबेरा चढतो. मग पांढऱ्या कापडाला, जुन्या धोतराचा तुकडा उत्तम, जरा ऑईल लावून बोअर पुसायचा. कापड करडे झाले तर पुन्हा गरम पाणी. कापड पांढरेच निघेपर्यंत पिस्टनला हात लावायचा नाही. घरात भांडी कशी निघतात ते ज्यांना ठाऊक आहे अशा भगिनींनी या एका बाबतीत पडवीतल्या पुरुषमंडळींवर लक्ष ठेवले तर पुष्कळ इंजिने वाचतील. हे मी चेष्टेने म्हणत नाही.

यावरूनच माझे एक ठाम मत झाले आहे, आणि ते काही मिस्त्री मंडळींना आवडणार नाही. क्रॅंक ब्लॉकमध्येच ठेवून, खाली चिंध्या कोंबून बोअरला होन मारू नये. चिंध्यांनी मोठा चुरा अडतो, बारीक कणी अडत नाही. ती क्रॅंकच्या ऑईलच्या भोकांत उतरते आणि बेअरिंगच्या मऊ धातूत रुतून बसते. मग जर्नल ओरखडत राहते. ‘क्रॅंक काढली तर काम दोन दिवस वाढते’, असे उत्तर मिळते. वाढू दे की. पावसाळ्यातले दोन दिवस स्वस्त, जानेवारीतले दोन दिवस महाग. वेट लायनर असेल तर प्रश्नच मिटतो. लायनर बाहेर काढून लाकडी चौकटीत, न आवळता, उभा धरून त्याला होन मारावा. पण लायनर व्हाइसमध्ये कधीही आवळू नये. आवळला की तो अंडाकृती होतो आणि होन त्या वाकड्या आकाराला लागतो.

इंजिन बांधून झाल्यावरची एक समजूतही तोडायला हवी. ‘नवे काम आहे, हळू चालवा’ म्हणून इंजिन तासन् तास बिनभाराचे, मंद गतीने चालू ठेवतात. रिंगेला भिंतीवर दाबणारी शक्ती मुख्यतः जळणाच्या दाबातून येते. भारच नसेल तर दाब कमी, रिंग बसत नाही आणि रेघांवर पुन्हा चकाकी चढते. सगळी मेहनत वाया. इंजिन गरम झाले की मध्यम आणि बदलता भार द्यावा. कुळवणी, रोटाव्हेटरचे हलके काम चालेल. पहिल्याच दिवशी दोन भरलेल्या ट्रेलर नकोत, आणि पहिल्याच दिवशी पडवीत चार तास टुकटुकही नको. सुरुवातीच्या सुमारे ५० तासांनंतर ऑईल आणि फिल्टर बदलावा.

याच कारणाने केनयार्डमधली एक सवय माझ्या डोळ्यांना खुपते. वजनकाट्याच्या रांगेत वाहने तासन् तास उभी असतात आणि निम्मी इंजिने चालूच असतात. कोणाचा स्टार्टर कमजोर, कोणाची बॅटरी बसलेली, कोणाला गाणी ऐकायची असतात. डिझेल जाते ते जाते, बोअरही त्याच तासांत काचेचा होतो. बॅटरी बदलणे इंजिन उघडण्यापेक्षा स्वस्त असते.

आणि मुळात बोअर झिजतो तो कशाने? आपल्या भागात त्याचे पहिले उत्तर धूळ हे आहे. फडातली माती, पाचटाचा भुसा, रस्त्यावरचा फुफाटा. एअर क्लीनरच्या आणि इंजिनाच्या मधल्या रबरी नळीला चीर पडली असेल, क्लिप ढिली असेल, तर धूळ थेट आत. ऑईल बाथच्या वाटीत चिखल साठला तरी तेच. असे इंजिन कितीही चांगले बांधले तरी ते लवकरच पुन्हा उघडावे लागते. कित्येक ट्रॅक्टरांचा थर्मोस्टॅट ‘इंजिन तापतंय’ म्हणून काढून फेकलेला असतो. इंजिन कायम थंड चालले की अर्धवट जळलेले डिझेल भिंतीवरचे ऑईल धुऊन काढते, हेही झिजेचे कारण. धुराचा रंगही इंजिन उघडण्यापूर्वी ओळखावा. निळा धूर ऑईलचा, काळा धूर डिझेल जास्त किंवा हवा कमी असल्याचा. नुसत्या तुंबलेल्या एअर क्लीनरपायी काळा धूर सोडणाऱ्या इंजिनाचे हेड उतरवलेले मी पाहिले आहे.

आता थोडे आपल्या कारखान्याविषयी. तोडणी-वाहतुकीचा करार करताना आपण आर.सी. बुक पाहतो, विमा पाहतो, जामीनदार पाहतो, ट्रेलरला रिफ्लेक्टर लावून घेतो. उचलीची रक्कम देतो. ज्या इंजिनावर हा सगळा करार चालायचा त्याची स्थिती मात्र कोणी विचारत नाही. दुसरीकडे, ऑफ-सीझनमध्ये कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये मिल, टर्बाईन आणि पंप यांचे ओव्हरहॉलिंग चालू असते. तिथे मायक्रोमीटर आहेत, ते वाचणारे फिटर आहेत. माझी सूचना अशी की पावसाळ्यात, बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी, आठवड्यातला एक दिवस सभासदांच्या ब्लॉकचे आणि लायनरचे माप घेऊन देण्यासाठी ठेवावा. दुरुस्ती करायची नाही, सुटे भाग विकायचे नाहीत. फक्त माप घ्यायचे, कागदावर लिहायचे आणि सही करून द्यायचे. तीन सिलिंडरच्या ब्लॉकला वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी अशी अठरा मापे होतात. सरावाच्या माणसाला अर्धा तास लागेल.

याला दोन हरकती ऐकू येतात. एक, फिटर ओव्हरहॉलिंगमध्ये गुंतलेले असतात. खरे आहे, पण प्रश्न आठवड्यातल्या काही तासांचा आहे. दुसरी, हे कारखान्याचे काम नव्हे, उद्या सभासद पंपही दुरुस्तीला आणतील. माती परीक्षण हेही एके काळी कारखान्याचे काम नव्हे असेच म्हणत. बंद पडलेल्या एका ट्रॅक्टरमागे किती टन ऊस उन्हात राहतो हे शेतकी खाते रोज लिहून ठेवते. संचालक मंडळाने त्या नोंदी मागवल्या तर आम्ही त्या आनंदाने देऊ.

ही सोय होईल तेव्हा होईल. सध्या ज्यांचे हेड उतरलेले आहे त्यांनी पिस्टन चढवण्यापूर्वी फिलर गेजने फट मोजून वर आणि खाली अशी दोन्ही मापे वहीत लिहून ठेवावीत, आणि मशीनशॉपला जाताना ती वही आणि मॅन्युअल बरोबर न्यावे. लायनर नेताना तो उभा ठेवून न्यावा. ट्रॉलीत आडवा टाकून, वर दोन पोती ठेवून नेलेला लायनर दुकानात पोहोचेपर्यंत गोल राहिलेला असतोच असे नाही.